लाखनीचे पायलट

पुंडलिक लांजेवार कोणत्याही वस्तूविषयी मत देण्याआधी तिच्यावरून हात फिरवत. ट्रकचा दरवाजा असो, बाजारातला भोपळा असो, की कुणाच्या नव्या घराची भिंत. हात उघडा नसे. त्यांच्या खांद्यावर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा कायम असायचा. तो मधे धरून, डोळे मिटून ते तळहात सरकवत नेत. उघडा हात पृष्ठभागाला अडतो आणि माणूस त्या अडण्यालाच खड्डा समजतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कापड असलं की हात घसरतो आणि खरा खड्डा तेवढा कळतो. "डोळा फसते, उघडा हात बी फसते," ते सांगत. "कपडा मधात ठेवला का हात खोटं नाही बोलत."

लाखनीत हमरस्त्याला लागून त्यांचं ट्रकच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. कलकत्त्याकडून येणारे आणि तिकडे जाणारे ट्रक चेपलेली बोनेटं आणि खरचटलेली दारं घेऊन तिथे थांबत. दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव नव्हतं. 'पायलट डेंटिंग पेंटिंग' एवढंच लिहिलेलं होतं, आणि खाली पंख पसरलेलं निळं विमान. 'पायलट' हे नाव गावाने त्यांना टिंगलीने दिलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत रंगवून रस्त्याकडे तोंड करून टांगलं. "लोकं मागून म्हणत होते," ते म्हणाले. "मी म्हटलं, सामनेच लिहून टाकू. रंगाचा डब्बा तं आपलाच आहे."

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मी नागपूरच्या एका दैनिकाचा भंडारा जिल्ह्याचा वार्ताहर होतो. माझ्या स्कूटरच्या मडगार्डला बैलगाडीचं जू लागलं, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. काम संध्याकाळपर्यंत झालं. मी मडगार्डकडे पाहिलं आणि म्हणालो, "चालेल."

पुंडलिकरावांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातातून परत घेतली.

"चालेल म्हणाले ना? म्हणजे तुम्हाले कुठी तरी दिसलं. कुठी दिसलं थे सांगा."

मला काहीच दिसलं नव्हतं. मी सवयीने बोललो होतो. त्यांनी कापडातून हात फिरवला आणि दिव्याखाली, जिथे पत्रा वळतो, तिथे बोट ठेवलं. "इथी. तुम्हाले कळलं नाही, पण तुमच्या तोंडाले कळलं." स्कूटर दुसऱ्या दिवशी मिळाली. तेव्हापासून त्यांच्या दुकानात मी तो शब्द वापरला नाही.

दुकानाच्या शेजारी शेषरावांची चहाची टपरी होती. शेषराव आणि पुंडलिकराव एकाच गावचे, जवळपास एकाच वयाचे. गाव लाखनीपासून आत, एका जुन्या तलावाच्या पाळीखाली. शेषरावांनी त्या पहिल्याच संध्याकाळी मला चहा देताना विचारलं, "साहेब, पायलटनं विमान उतरवलं का नाही अजून तुमच्यासाठी?"

"तुह्या डोक्यावर उतरवीन एखांद दिवशी," आतून आवाज आला.

"उतरव बापा. पण पाणी मीच देईन हो, तू नोको देऊ. तुह्या पायाले त्रास होईन."

टपरीवरचे लोक हसले. मला काही कळलं नाही. मग पुंडलिकरावांनी हात पुसत बाहेर येऊन ती हकिकत सांगितली. नंतरच्या वर्षांत ती मी अनेकदा ऐकली, आणि सांगताना त्यांचा आवाज कधी खाली आला नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पुंडलिक आठ-नऊ वर्षांचा होता. आंब्यावरून पडून पाय मोडला होता आणि वैदूने बांबूच्या कमच्या बांधून त्याला खाटेवर टाकलं होतं. त्यांची वस्ती गावापासून वेगळी, तलावाच्या कडेला मोजक्या घरांची टोली. टोलीतली सगळी माणसं नदीपलीकडे एका वरातीला गेली. उन्हाळा होता, तलाव कोरडा पडून तळ भेगाळला होता. दुपारी आवाज आला. विमानं त्या दिवसांत वरून जात असत, त्यामुळे आसपासच्या गावांत कुणी मान वर केली नाही. पण हा आवाज खाली आला. पुंडलिक खाटेवरून उतरला आणि फरफटत पाळीवर चढला. तलावाच्या तळात दोन इंजिनांचं एक विमान उभं होतं. त्यातला गोरा माणूस खाली उतरला, एका इंजिनाचं झाकण उघडून त्याने काहीतरी केलं, पाणी प्यायला, पाळीवरच्या पोराला हात केला आणि विमान घेऊन उडून गेला.

संध्याकाळी वरात परतली. पुंडलिकने सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाणी कोणं देल्लं त्याले?"

"मी."

"पाय मोडका पोट्टा गडवा भरून पाळ उतरला?"

तिथे संपलं. तळ दगडासारखा वाळलेला होता, चाकांची खूण म्हणावी असं काही सापडलं नाही. पाण्याची गोष्ट खोटी, म्हणून विमानही खोटं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून पुंडलिक पायलट झाला. शेषराव त्या वरातीत होते. "मी वरातीत होतो," हे वाक्य ते पुरावा म्हणून वापरत, जणू वरातीत असल्यामुळे तलावात काय झालं नाही हे त्यांना जास्त माहीत होतं.

मी एकदा फोनवर संपादकांना ही हकिकत सांगितली. त्यांनी विचारलं, "दुसरा साक्षीदार?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "एक माणूस सांगतो ती आठवण. दोन सांगतात ती बातमी." लाखनीला पुढच्या खेपेत हे मी पुंडलिकरावांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातली पुट्टी ओढायची पट्टी खाली ठेवली.

"दुसरा आहे," ते म्हणाले. "पेन खिशात टाका, मंग सांगतो."

दुसरी साक्षीदार म्हणजे भागरताबाई. टोलीतली सून, तेव्हा विशीतली. नुकतीच बाळंत झाली होती म्हणून वरातीला गेली नव्हती. पुंडलिकच्या आईने जाताना पोराकडे लक्ष ठेवायला तिलाच सांगितलं होतं. तिचं घर तलावाच्या पलीकडच्या अंगाला होतं. पुंडलिक अलीकडच्या पाळीवर, ती पलीकडे, मधे विमान. "मले विमानाच्या पोटाखालून तिचे पाय दिसले," पुंडलिकराव म्हणाले. "तिचे पाय अन् त्याचे बूट. मंग पाय गेले, गडवा घेऊन वापस आले, अन् पाणी सांडलेलं दिसलं. मंग तो गोरा इकडच्या बाजूनं आला तवा त्याची हनुवटी ओली होती."

विमान गेल्यावर ती पाळीवर आली आणि पोराला म्हणाली, "मी तिथी होती असं कोणाले नोको सांगू, पुंडलिक. मले घरात ठेवणार नाहीत." तिचा सासरा कडक होता. बाळंतीण बाई, घरात कुणी नाही, आणि परक्या गोऱ्या शिपायाच्या ओंजळीत पाणी ओततं कोण? पोराने मान हलवली.

"मग 'मी दिलं' असं का म्हणालात?"

"दुसरं कोणाचं नाव घेऊ? खाटेचं?"

"आता सांगायला काय हरकत आहे? इतकी वर्षं झाली."

"तिनं सांगतलं तं थे वेगळं. मी कायले सांगू?" त्यांनी पट्टी पुन्हा उचलली. "अन् तुम्ही तिचं नाव छापलं तं मी त्याच दिवशी चौकात उभा राहून सांगीन, का मी खोटाच होतो, विमान-फिमान काही आलं नव्हतं."

मी छापलं नाही. छापण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच सुमारास त्यांनी प्लास्टिकच्या विमानांचा नाद धरला. कलकत्ता लाइनवर चालणारा बलवंतसिंग नावाचा एक ड्रायव्हर त्यांचं जुनं गिऱ्हाईक होता. कलकत्त्याच्या फुटपाथवर खोक्यातून सुट्या भागांची विलायती विमानं मिळतात, जोडून उभी करायची, असं त्याने सांगितलं. पुंडलिकरावांनी त्याला सांगितलं, दोन इंजिनांचं आण. त्याने एका इंजिनाचं आणलं. "पायलट साब, जो मिला वो लाया. दूसरा इंजन आप बना लो."

खोकं उघडलं तेव्हा मी तिथे होतो. करड्या प्लास्टिकच्या चौकटींना भाग लटकलेले होते, मांडवाला दोडके लोंबावेत तसे. विमानाचं अंग उभं चिरलेलं, दोन अर्धी. पंखही वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. पुंडलिकरावांनी भाग जोडले. सांधे चांगले बसले नाहीत. पंख जिथे अंगाला मिळतो तिथे नख जाईल एवढी फट राहिली. ट्रकचा माणूस जे करेल ते त्यांनी केलं. ट्रकच्या दारात भरतात ती पुट्टी थिनर घालून पातळ केली, फटीत दाबून भरली, वरून जाड हात दिला आणि घरी गेले.

सकाळी पंख खाली लोंबलेला होता. थिनरने प्लास्टिक आतून मऊ केलं होतं. कडा उन्हात टाकलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या.

दुसऱ्या कुणी ते लपवून ठेवलं असतं. पुंडलिकरावांनी विमान बाहेर आणून शेषरावांच्या टपरीच्या फळीवर ठेवलं. "पाहून घ्या. पत्र्याचं औषध प्लॅस्टिकले देल्लं."

"पडलं का पायलटचं विमान?" शेषराव म्हणाले. "आतातरी पाळीवरून कोणी पाहलं का?"

"तू पाहून राहिला ना आता. साक्षीदार झाला."

त्या पडलेल्या विमानातून त्यांनी आपली पुढची पद्धत काढली. थिनर प्लास्टिक खातं, तर प्लास्टिकच त्याला खायला घालावं. भाग तोडून घेतल्यावर उरलेल्या चौकटी त्यांनी बारीक तुकडे करून एका काचेच्या बाटलीत टाकल्या आणि वर थिनर ओतला. सकाळपर्यंत बाटलीत करडी, घट्ट साय तयार झाली. ती काडीने फटीत भरली की सुकल्यावर विमानाचंच अंग होते. नखाने सुटत नाही, रंगाखाली वेगळी दिसत नाही. मात्र ती पातळ थरानेच भरायची. जाड भरली तर वरून सुकते, आत ओली राहते, आणि घासून साफ केलेल्या जागी काही दिवसांनी खळगा पडतो. एक थर, मग वाट पाहणं, मग दुसरा थर. ट्रकच्या दुकानात वाट पाहणं परवडत नाही. विमानाच्या बाबतीत त्यांना घाई नव्हती.

घासण्याविषयी त्यांची मतं ठाम होती. वॉटर पेपर बोटाला गुंडाळून घासणाऱ्याला ते दुकानातून बाहेर काढत. "बोटानं घासलं तं बोटाएवढा खड्डा पडते." पेपर ते जुन्या रबरी चपलेच्या कापलेल्या चौकोनी तुकड्याला गुंडाळत. समोर जर्मनच्या थाळीत पाणी. घासायचं, बुडवायचं, पुसायचं. अधूनमधून कंदिलाच्या काचेवरची काजळी चिंधीने विमानावर पुसून पुन्हा हलक्या हाताने घासत. उंच जागेवरची काजळी निघून जाई, खोल जागी काळं राही. तिथे आणखी एक थर. शेवटी काळं कुठेच उरलं नाही की थांबायचं. थांबणं सगळ्यात कठीण, असं ते म्हणत. हात चालू असला की त्याला वाटतं अजून थोडं, आणि त्या थोड्यात खालचं प्लास्टिक पातळ होऊन फुटतं. त्यांच्या दुकानात काम शिकून गेलेली माणसं पुढे साकोलीला, गोंदियाला आपापली दुकानं थाटून बसली. घासायला बसलं की कानात 'बस, बस' ऐकू येतं, असं त्यांतल्या एकाने मला सांगितलं.

हा उद्योग कशासाठी, असं मी त्यांना विचारलं होतं. लोकांना पटवायला असेल, तर खोक्यातून जोडलेलं विमान काहीच सिद्ध करत नाही, हेही म्हणालो.

"लोकांसाठी नाही," ते म्हणाले. "माह्या डोक्यातलं विमान झिजून राहिलं आहे. आधी त्याचं नाक साफ दिसे. आता आठवाले गेलो का नाकाच्या जागी ट्रकचं बोनेट येते. उद्या मलेच वाटन का शेषराव खरा बोलते. त्याच्याआधी हातानं करून ठेवलं पाहिजे." मग ते म्हणाले, "अन् पुरं झालं का भागरताकाकीले दाखवीन. दुसरं कोणी पाहलंच नाही ना. तिनं तोंडानं नाही बोललं, नुसती मान हालवली, तरी चालन."

'चालेल' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

बरोबर विमान सापडायला काही वर्षं गेली. बलवंतसिंगने आणि त्याच्या सांगण्यावरून इतर ड्रायव्हरांनी जे मिळेल ते आणलं. लढाऊ विमानं, पाण्यावर उतरणारं एक, चार इंजिनांचं एक. पुंडलिकराव प्रत्येक जोडत, फटी भरत, घासत आणि पोरांना वाटून टाकत. लाखनीत बऱ्याच घरांत शोकेसमध्ये त्यांची विमानं होती. त्यांवर सांधा कुठे आहे हे सापडत नसे. ऐंशीचं दशक सुरू झाल्यावर एक लांबट खोकं आलं. दोन इंजिनांचं बाँबफेकी विमान. पाठीवर बंदुकीचा काचेचा घुमट, बाजूला खिडक्या, अंगभर बारीक रेघा.

पुंडलिकरावांनी अर्धे भाग हातात धरून डोळे मिटले. "नाक बरोबर. शेपूट बरोबर. बाकीचं लढाईचं सामान आहे. थे काढून टाकू."

तलावात उतरलेल्या विमानाला घुमट नव्हता. खोक्यातल्या विमानाच्या पाठीवर त्यासाठी गोल भोक होतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. त्यांनी खालून प्लास्टिकचा तुकडा चिकटवला आणि वरून थर द्यायला सुरुवात केली. दिवाळीच्या आधी मी ते पाहिलं तेव्हा भोक अर्धं भरलेलं होतं. धान कापून झाल्यावर गेलो तेव्हा भरलेलं होतं, पण काजळीचं एक काळं वर्तुळ राहत होतं. शेषराव म्हणाले, "जितकं थे विमान उडालं नसन तितका टाइम हा भोक बुजवून राहिला." पुंडलिकरावांनी मान वर केली नाही. बाजूच्या खिडक्या बुजवल्या. अंगावरच्या रेघाही एकेक करून भरल्या, कारण त्यांच्या आठवणीत विमानाचं अंग साफ होतं आणि उन्हात चमकत होतं.

एका दुपारी वायुदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या मोटारीचं दार ठोकून घ्यायला थांबले. विमान दिसताच ते त्याच्याजवळ गेले, सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि हसून म्हणाले, "हे कोणतं विमान आहे? घुमट नाही, खिडक्या नाहीत. असं विमान मी कधी पाहिलेलं नाही."

"मी पाहलं," पुंडलिकराव म्हणाले.

"घुमट कुठे होता, ते तरी दाखवा."

"तुम्ही सांगा ना कुठी होता."

गृहस्थांनी पाठीवरून अंगठा फिरवला, पुढे, मागे, मग नख. पुंडलिकरावांनी खांद्यावरचं कापड काढून त्यांच्या हातात दिलं आणि तळहात कसा धरायचा ते दाखवलं. कापडातूनही त्यांना भोक सापडलं नाही. त्यांनी ते कबूल केलं आणि चहा मागवला. जाताना ते मला म्हणाले, युद्धाच्या काळात याच जातीची काही विमानं माणसं आणि टपाल नेण्यासाठी घुमट काढून वापरत असत, असं त्यांनी ऐकलं आहे. खात्री नाही. मी ते पुंडलिकरावांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांची खात्री होईन हळूहळू."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी नागपूरच्या कचेरीत बदली झाली आणि मी निरोप घ्यायला लाखनीला गेलो. विमान जोडून, घासून पूर्ण झालं होतं. फक्त रंग राहिला होता. दुकानाच्या दारात, ऑइलच्या रिकाम्या ड्रमवर, लाकडाच्या घोडीवर ते उभं होतं. भागरताबाईंना अजून दाखवलं नव्हतं. रंग झाल्याशिवाय दाखवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुकानासमोरच्या बाकावर त्यांच्या गावची माणसं एसटीची वाट पाहत बसत असत. त्या दिवशी शेषराव होते, दोन ड्रायव्हर होते, मी होतो. एक म्हातारी बाई आली. बारीक अंगाची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. बाकाच्या टोकाला बसून तिने शेषरावांना विचारलं, "साकोलीची गेली का रे?"

"येऊन राहिली, काकी. बसा."

पुंडलिकराव आतून बाहेर आले आणि जागीच थांबले. त्यांचं अवघडणं पाहूनच ही भागरताबाई हे माझ्या लक्षात आलं. तिची नजर तोवर ड्रमकडे गेली होती. ती उठली. पिशवी बाकावर ठेवून तिने दोन्ही हातांनी विमान उचललं. कुणी तिला अडवलं नाही. तिने ते नाकाकडून पाहिलं, शेपटीकडून पाहिलं, पोटाखाली पाहिलं. मग डावी बाजू आपल्याकडे वळवली आणि तिथे बराच वेळ पाहत राहिली.

"पुंडलिक, दार कुठी गेलं?"

शेषराव म्हणाले, "कोणतं दार, काकी?"

"याचं. याले या अंगाले दार होतं. त्याच्यातून उतरला ना तो गोरा."

ड्रायव्हर आमच्याकडे पाहू लागले. शेषरावांनी हातातली चहाची किटली खाली ठेवली. "काकी, तुम्ही कवा पाहलं विमान?"

"मीच तं पाणी देल्लं त्याले. पुंडलिक कसा देईन? त्याचा पाय बांधला होता."

"मंग इतकी वर्षं बोलल्या काहून नाही? आमी याले पायलट पायलट करून—"

"तवा सासरा होता, शेषराव. मंग नवरा होता. मंग पोरगा म्हणे, आता कायले काढता जुनं, लोकं काय म्हणतीन. आता पोरगा बी नागपूरले राहते. मीच हावो घरी." तिने विमानावरून नजर काढली नाही. "या पुंडलिकले इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही का माह्यं नाव सांगाव?"

हा प्रश्न कुणाला होता ते स्पष्ट नव्हतं. शेषराव टपरीकडे गेले, स्टोव्ह पेटवला आणि पाठ करूनच म्हणाले, "मी वरातीत होतो." यावेळी ते एवढंच म्हणाले.

मी भागरताबाईंना माझा व्यवसाय सांगितला आणि हे छापू का, असं विचारलं.

"छापा. नाव घालून छापा. भागरता नाव आहे माह्यं."

बातमी पुढे आतल्या पानावर आली, दोन साक्षीदारांच्या नावांसह.

भागरताबाईने विमान परत घोडीवर ठेवलं आणि पुंडलिकराव ड्रमपाशी आले. त्यांनी विमानाच्या डाव्या बाजूवरून कापड धरून तळहात नेला, नाकापासून शेपटीपर्यंत. हात कुठेच अडला नाही. त्यांनी काम चोख केलं होतं. कारखान्यातून आलेल्या रेघा, त्यांतच ते दार, सगळं भरून, घासून एकजीव झालं होतं.

"मले त्या बाजूचं दिसलंच नव्हतं, काकी," ते म्हणाले. "मी पाळीवर होतो." माहीत नाही, दिसलं नाही, असं काही त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "बुजवून टाकलं मी."

"मंग उघड ना. तुह्याच हातचं आहे."

ते आत गेले आणि टोक घासून धार केलेलं करवतीचं पातं घेऊन आले. विमानासकट घोडी ड्रमवरून बाकावर आणली. म्हातारी शेजारी बसली. साकोलीची गाडी आली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, ती उठली नाही. गाडी गेली. उलट्या दिशेने माझी भंडाऱ्याची गाडी आली. मी चढलो आणि खिडकीशी बसलो.

खाली भागरताबाई नखाने विमानावर एक उभी रेघ ओढत होती. पुंडलिकरावांनी पात्याचं टोक तिच्या रेघेवर टेकवलं होतं आणि दाबलं नव्हतं.

"इथी?"

"अजून मागं."

त्यांनी टोक उचललं, केसभर मागे नेलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मागे एक ट्रक हॉर्न देत होता, बोनेट उघडं टाकून. दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही.